कव्हरवर न सापडणाऱ्या तारा

आमच्या संग्रहालयातल्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीत ‘वाद्ये’ नावाचा एक रकाना असतो. शास्त्रीय संगीताची तबकडी हातात आली की तो भरताना कोणी हयगय करत नाही. सतार आहे की सूरबहार, साथीला सारंगी होती की हार्मोनियम, तानपुऱ्यावर कोण बसलं होतं, सगळं शोधून लिहिलं जातं. रॉकची तबकडी आली की त्याच रकान्यात चार शब्द पडतात: गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड. नोंद संपली. पुढची तबकडी.

मी बरीच वर्षं पुण्यात जुन्या तबकड्यांचं डिजिटायझेशन आणि नोंदणी करते. तबकडी धुवायची, सुई तपासायची, चोवीस बिटांवर फाइल तयार करायची, मग हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि जे ऐकू येतं ते तक्त्यात उतरवायचं, असं हे काम आहे. त्या चार शब्दांबद्दल मला पहिल्यापासून अस्वस्थ वाटायचं. पण त्याचं नीट कारण सापडलं ते एका निवृत्त अभियंत्यांच्या संग्रहावर काम करताना. सत्तरच्या दशकात ते नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये होते. परत येताना कपडे कमी आणि रेकॉर्ड जास्त घेऊन आले, असं त्यांच्या मुलीने खोकी आमच्या स्वाधीन करताना सांगितलं. बहुतेक सगळ्या तबकड्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या होत्या: येस, जेनेसिस, किंग क्रिम्झन, जेथ्रो टल, माइक ओल्डफील्ड. प्रत्येक कव्हरच्या आतल्या कागदावर बारीक पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. कुठे मिनिट-सेकंद, कुठे एखादा शब्द, आणि जागोजागी प्रश्नचिन्ह.

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं पडू लागलं. तबकडीची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना, विषम मात्रांचे ताल, युरोपीय अभिजात संगीतातली बांधणी, मध्येच लोकसंगीताची धून, हे सगळं ते एकत्र आणू लागले. वाद्यांच्या बाबतीतही त्यांनी हात आखडता घेतला नाही. चर्चमधला ऑर्गन, ल्यूट, मँडोलिन, बाललाइका, ऑटोहार्प, जे मिळेल आणि ज्यातून नवा नाद निघेल ते स्टुडिओत आलं. म्हणूनच ‘गिटार’ हा एक शब्द लिहून या तबकड्या बाजूला ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. एखाद्या वादकाने हे वाद्य नको, तेच हवं असं ठरवलं आणि त्या निवडीने त्या गाण्याचा चेहरा घडला. नोंदीत ती निवडच नाहीशी होते.

पहिलं मोठं कोडं ‘द येस आल्बम’ या तबकडीत होतं. ही तबकडी १९७१ च्या फेब्रुवारीत बाजारात आली. ध्वनिमुद्रण त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या अॅडव्हिजन स्टुडिओत झालं होतं आणि ध्वनिमुद्रक होते एडी ऑफर्ड. गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांची या गटाबरोबरची ही पहिलीच तबकडी. तिच्यात ‘आयव्ह सीन ऑल गुड पीपल’ नावाचं दोन भागांचं गाणं आहे आणि पहिल्या भागाला ‘युअर मूव्ह’ असं स्वतंत्र नाव आहे. बुद्धिबळाच्या पटावरून माणसांच्या नात्याबद्दल बोलणारं हे गाणं. सुरुवातीला नुसते गळे ऐकू येतात. मग एक लखलखीत, टणक, जोडतारांचं वाद्य सुरू होतं आणि त्याखाली बास ड्रमचा एकसारखा ठोका. पुढे त्यात रेकॉर्डर, म्हणजे लाकडी उभी बासरी मिसळते. ती वाजवायला कॉलिन गोल्डरिंग यांना बाहेरून बोलावलं होतं. या गाण्यासमोर आमच्या अभियंत्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मँडोलिन?’

प्रश्नचिन्ह योग्य होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोणालाही मँडोलिनच वाटेल किंवा फार तर बारा तारांची गिटार. मी अशा वेळी तीन गोष्टींकडे कान देते. तार छेडली जाते त्या क्षणाचा आवाज कसा आहे, तारा एकेकट्या आहेत की जोडीने, आणि नाद विझायला किती वेळ घेतो. वाद्याचा एकूण ‘रंग’ मी शेवटी पाहते, कारण स्टुडिओत रंग बदलणं सर्वांत सोपं. मायक्रोफोन थोडा सरकवला की रंग बदलतो. तारेची लांबी आणि तारांची मांडणी मात्र स्टुडिओला बदलता येत नाही.

मँडोलिनला आठ तारा, चार जोड्यांत, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच स्वरात. तारेची लांबी साधारण पस्तीस सेंटीमीटर, त्यामुळे सूर चटकन विझतो. लांब सूर हवा असेल तर वादकाला नखी भराभर मागेपुढे फिरवावी लागते. बारा तारांच्या गिटारीची तार साधारण पासष्ट सेंटीमीटर लांब. तिच्या सहा जोड्यांपैकी वरच्या दोन एकस्वरी आणि खालच्या चारांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकातली, म्हणून खर्जाचा स्वर लावला तरी त्याच्या डोक्यावर एक चमक येते. ‘युअर मूव्ह’मधला नाद या दोघींच्या मध्ये कुठेतरी होता. मँडोलिनपेक्षा भरीव आणि जास्त टिकणारा, बारा तारांच्या गिटारीपेक्षा कोरडा आणि आखूड.

कव्हरवर हाऊंच्या नावापुढे इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक गिटारबरोबर आणखी एक वाद्य छापलेलं आहे: ‘वाचालिया’. वाद्यकोशात हा शब्द हाती लागत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नोंद करणाऱ्यांनी तो तसाच उतरवून घेतला किंवा सरळ वगळला. हाऊंनी स्वतः सांगितलेलं आहे की ते वाद्य पोर्तुगीज गिटार आहे, बारा तारांचं. १९७७ च्या ‘गोइंग फॉर द वन’ या तबकडीतल्या ‘वंडरस स्टोरीज’ गाण्यातही त्यांनी ते वापरलं. ही तबकडी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे ध्वनिमुद्रित झाली.

वादकाचं निवेदन मिळाल्यावर काम संपायला हरकत नव्हती. पण नुसत्या सांगण्यावरून लिहिलेली नोंद मला अर्धी वाटते. ते वाद्य समोर पाहून, त्याचा नाद जवळून ऐकून मग तबकडीकडे परत यावं, असं फार वाटत होतं. त्यासाठी लिस्बनला जाण्याची गरज पडली नाही, पणजी पुरली. गोव्यात पोर्तुगीज गिटार आजही वाजते. फादो हे पोर्तुगालचं गाणं गोव्याच्या घरांतून टिकून राहिलं आणि सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गायिकेमुळे ते गेल्या काही वर्षांत पुन्हा मोकळेपणाने मैफिलीत आलं. मी दुसऱ्याच कामासाठी पणजीला गेले होते. तिथल्या स्नेह्यांनी फोंतेन्यशजवळ एका छोट्या फादोच्या मैफिलीला नेलं. कार्यक्रम संपल्यावर मी गिटारवादकांपाशी गेले आणि हेडफोनवर त्यांना ‘युअर मूव्ह’ची सुरुवात ऐकवली. त्यांनी दोनदा ऐकली, काही न बोलता आपलं वाद्य मांडीवर घेतलं आणि तसाच एक तुकडा वाजवून दाखवला.

थेंबाच्या आकाराचं पोट, गळा आखूड, आणि वरच्या टोकाला खुंट्यांऐवजी पंख्यासारखी पसरलेली बारीक स्क्रूंची रांग. ही पंख्याची रचना अठराव्या शतकातल्या लंडनच्या प्रेस्टन या वाद्यकाराच्या नावाने ओळखली जाते. सहा जोड्यांपैकी वरच्या तीन एकस्वरी, खालच्या तीन सप्तकाच्या अंतराने लावलेल्या. लिस्बन पद्धतीच्या वाद्यात तारेची लांबी साधारण चव्वेचाळीस सेंटीमीटर असते, कोइंब्रा पद्धतीच्या वाद्यात त्याहून थोडी जास्त, आणि कोइंब्राची जुळवणी लिस्बनपेक्षा एका पूर्ण स्वराने खाली असते. मी हे सगळं मोजपट्टीच्या भाषेत विचारत होते. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, “बाय, तारा किती ते मागीर मोजा. आधी नख ऐका.” मग त्यांनी अंगठ्यावर आणि तर्जनीवर चढवलेल्या कृत्रिम नखांनी एकच जोडी छेडून दाखवली. तर्जनी एकटीच खालीवर फिरते तेव्हा सूर थरथरतो. अंगठा आणि तर्जनी आळीपाळीने चालतात तेव्हा तोच सूर ठाशीव होतो.

त्या वाक्याचा मला पुढे सतत उपयोग झाला. पुण्याला येऊन तबकडी पुन्हा ऐकली. वाद्य तेच होतं, लांबी आणि विझण्याचा वेग जुळत होता, वरच्या जोड्यांतली एकस्वरी झिलई जुळत होती. पण हात फादोचा नव्हता. फादोत ही गिटार गायिकेच्या गळ्याला बिलगून चालते, तिच्या ओळी संपता संपता मध्ये शिरते, थरथरते, थांबते. ‘युअर मूव्ह’मध्ये तीच गिटार बास ड्रमच्या ठोक्याला बांधून घेते आणि गाण्याची चौकट एकटीने उभी धरते. हाऊंनी फादोची नक्कल केली नाही. त्यांनी त्या वाद्याचा नाद घेतला आणि त्याला नवं काम दिलं. म्हणून आमच्या नोंदीत मी असं लिहिलं: ‘वाचालिया, म्हणजे पोर्तुगीज बारातारी गिटार. आधार: कव्हर, वादकाचं निवेदन, प्रत्यक्ष वाद्याशी तुलना करून श्रवण. वादनपद्धती फादोची नाही.’ अभियंत्यांच्या पेन्सिलीतल्या प्रश्नचिन्हाचा फोटोही त्या नोंदीला जोडला.

काही तबकड्यांत प्रश्न वाद्याचा नसतोच, टेपचा असतो. माइक ओल्डफील्ड यांची ‘ट्युब्युलर बेल्स’ १९७३ च्या मे महिन्यात आली. ऑक्सफर्डशरमधल्या मॅनर स्टुडिओत ती तयार झाली आणि व्हर्जिन या कंपनीचं ते पहिलं प्रकाशन. बहुतेक सगळी वाद्यं विशीच्या उंबरठ्यावरच्या ओल्डफील्डनी स्वतः वाजवलेली. पहिल्या बाजूच्या शेवटी निवेदक एकेका वाद्याचं नाव पुकारतो आणि ते वाद्य आत येतं. त्यात मँडोलिनचं नाव आहे आणि ‘डबल स्पीड गिटार’चंही. ही दुसरी म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवून वाजवलेली साधी गिटार. टेप पूर्ण वेगाने फिरवली की सूर एक सप्तक वर जातो, बोटं दुप्पट चपळ वाटतात आणि नाद निम्म्या वेळात विझतो. ऐकणाऱ्याला एखादं छोटं, अनोळखी तारवाद्य असल्याचा भास होतो. इथे आमच्या कामात एक सोपी तपासणी आहे: फाइल संगणकावर निम्म्या वेगाने लावायची. खरं छोटं वाद्य असेल तर आवाज जड, चिकट, विचित्र होतो. दुप्पट वेगाची गिटार असेल तर समोर एक सरळ, ओळखीची गिटार येऊन बसते. ती ऐकताना मला दर वेळी आनंद होतो. एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे हात त्यांच्या खऱ्या वेगाने ऐकू येतात.

मेलोट्रॉनच्या बाबतीत उलट आहे. किंग क्रिम्झनची १९६९ ची पहिली तबकडी ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ लावली की अख्खा व्हायोलिनवृंद अंगावर येतो. त्यातला एकही व्हायोलिनवादक त्या स्टुडिओत नव्हता. तो नाद मेलोट्रॉनचा. तेव्हा बर्मिंगहॅममध्ये तयार होणाऱ्या या पट्ट्यांच्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते. तिच्यावर आधी वाजवून ठेवलेला एकेक सूर असतो आणि फीत साधारण आठ सेकंदांत संपते. म्हणून लांब धरलेला सूर आठ सेकंदांच्या पुढे गेला की माझा मेलोट्रॉनचा संशय मावळतो, त्याआधी पट्ट्या सोडून पुन्हा दाबल्याचं जाणवलं की बळावतो. प्रत्येक वेळी सुराचं कंपन त्याच ठिकाणाहून सुरू होतं, कारण फीत तीच असते. नोंदीत मी ‘व्हायोलिन’ लिहीत नाही, ‘मेलोट्रॉन, व्हायोलिनचे सूर’ असं लिहिते. काहींना हे उगाच कीस पाडणं वाटतं. मला वाटत नाही. एका वादकाने एका यंत्रावर काय साधलं हे ज्याला अभ्यासायचं आहे त्याला व्हायोलिनच्या यादीत शोधायला लावणं बरोबर नाही.

आता ज्या तबकडीने मला सर्वांत जास्त वेळ थांबवून ठेवलं तिच्याबद्दल. येसचीच १९७२ ची ‘क्लोज टू द एज’. एक बाजू एकाच रचनेची, अठरा मिनिटांहून थोडी मोठी. दुसऱ्या बाजूला ‘अँड यू अँड आय’ आणि ‘सायबेरियन खात्रू’. कव्हरवर हाऊंच्या नावापुढे गिटार आणि गायन, बस. आणि ‘सायबेरियन खात्रू’मध्ये एका ठिकाणी सतारीसारखा झणझणीत नाद येतो, तोही हार्प्सिकॉर्डच्या सोबतीने. पुढे लगेच स्टील गिटार सुरू होते. अभियंत्यांनी तिथे लिहिलं होतं: ‘सतार?’ आणि त्याखाली, बहुधा नंतर कधीतरी, वेगळ्या पेन्सिलीने: ‘नाही.’

स्टील गिटारचं काम लवकर झालं. तारेवरून धातूची कांडी सरकते तेव्हा दोन-तीन तारा एकत्र वाजत असतील तर त्या सगळ्या एकाच प्रमाणात वर किंवा खाली जातात. बोटाने ताणलेल्या तारांत असं होत नाही. ‘अँड यू अँड आय’मधली ती लांबलचक, आकाशात चढत जाणारी धून याच वाद्याची.

सतारीचं काम मात्र माझ्या लहानपणापर्यंत जाऊन पोहोचलं. मी मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चालण्याच्या अंतरावर होतं आणि शाळेतून येताना वाट तिकडूनच जायची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांनी जो उद्योग मिरजेत रुजवला तो आजही त्या घराण्यांतून चालू आहे. पंढरपूरकडून येणारे मोठे भोपळे दुकानांत टांगलेले असायचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे सणासारखा आनंद झाला. त्या गल्लीत मी जवारी काढताना पाहिली आहे. कारागीर घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, वरच्या पृष्ठभागावर कानस फिरवतो, घोडी बसवतो, तार छेडतो, ऐकतो, परत उतरवतो, परत घासतो. घोडीचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता आणि गोलसर असतो. तार त्याला घासून कंप पावते आणि एका सुरातून वरचे स्वर फुटून बाहेर येतात. खुली जवारी म्हणजे जास्त झणकार, बंद जवारी म्हणजे आवरलेला, गोल नाद. पंडित रविशंकर यांच्या सतारीची जवारी खुली, उस्ताद विलायत खाँ यांची बंद. आमच्याकडे हे वाद घरोघर चालत.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच घोडीचा विचार केला आहे. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर, नेहमीच्या नियमाप्रमाणे, त्या नादात असायला नकोत. तानपुऱ्यात आणि वीणेत ते ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं आणि कारण घोडीच्या त्या वक्र पृष्ठभागात शोधलं. मिरजेच्या कारागिराची कानस जे करते त्याचं हे भौतिकशास्त्र.

‘सायबेरियन खात्रू’तला तो तुकडा मी या कानांनी ऐकला. झणकार आहे, पण मींड नाही. सतारीवर एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वरांचा प्रवास करता येतो, म्हणूनच पडदे वक्र आणि दांडीपासून उंच असतात. इथे सूर गिटारीसारखा थोडासा ताणला जातो आणि परत येतो. चिकारी, म्हणजे तालाला झणकावायच्या कडेच्या तारा, नाहीत. आणि झणकाराचं वागणं वेगळं. चांगल्या जवारीच्या नादात वरच्या स्वरांचा उजेड स्थिर नसतो. सूर विझता विझता तो हळूहळू खाली उतरतो, आणि संगणकावरच्या ध्वनिचित्रात तो उतार डोळ्यांना दिसतो. इथे झणकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी उभा आहे.

हे वाद्य कोरल इलेक्ट्रिक सतार. न्यूयॉर्कचे स्टुडिओवादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेवरून न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने ते १९६७ मध्ये बाजारात आणलं. सहा मुख्य तारा गिटारीप्रमाणेच लावलेल्या, पडदे गिटारीचे, त्यामुळे गिटारवादकाला नवं काही शिकावं लागत नाही. अंगावर तरफांसारख्या, म्हणजे न छेडता आपोआप गुंजणाऱ्या, तेरा तारा आणि त्यांच्यासाठी वेगळा पिकअप. पण खरी करामत घोडीत. नेहमीच्या गिटारीची टोकदार घोडी काढून तिथे रुंद, सपाटसर पृष्ठभाग बसवलेला, तार त्याला घासून झणझणावी म्हणून. म्हणजे मिरजेतल्या कानशीच्या कामाचं जे मर्म आहे तेच न्यू जर्सीच्या कारखान्यात एका पट्टीत उतरवण्याचा प्रयत्न झाला होता. मला त्याचा राग येत नाही, उलट कौतुक वाटतं. कोणीतरी लक्ष देऊन ऐकलं होतं आणि झणकार भोपळ्यातून येत नाही, घोडीतून येतो हे त्याला कळलं होतं. फक्त, कारखान्यातून निघालेली पट्टी प्रत्येक तारेसाठी वेगळी घासलेली नसते. तो फरक ऐकू येतो, आणि ऐकू येतो तसाच तो नोंदीत लिहायला हवा.

आमच्याकडे एका अभ्यासगटाच्या भेटीत या तुकड्यावर ‘भारतीय सतारीचा वापर’ अशी चिठ्ठी लावावी असं काहींनी सुचवलं. हेतू चांगला होता. मी नाही म्हटलं. सतारीला आपला मान आहे आणि तिच्या नावावर तिने न वाजवलेला सूर जमा करून तो वाढत नाही. शिवाय त्यामुळे बेल यांची कल्पना आणि हाऊंची निवड या दोन्हींवर पाणी पडतं. पुढच्याच वर्षी आलेल्या जेनेसिसच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’मध्ये माइक रदरफर्ड यांच्या नावापुढे इलेक्ट्रिक सतार स्पष्ट छापलेली आहे. तेव्हा तुलनेसाठी दुसरा भक्कम नमुना हाताशी होता. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ऐकले की शंका उरत नाही.

बाकीच्या खोक्यांतलं काम भराभर झालं. जेथ्रो टलच्या १९६९ च्या ‘स्टँड अप’चं कव्हर उघडलं की आतून कागदी माणसं उभी राहतात. त्या तबकडीत इयन अँडरसन बाललाइका आणि मँडोलिन दोन्ही वाजवतात आणि दोन्ही कव्हरवर नोंदलेली आहेत. ‘थिक अॅज अ ब्रिक’मध्ये मार्टिन बार यांच्या नावापुढे ल्यूट आहे. आमच्याकडे आधीच नोंदलेल्या किंग क्रिम्झनच्या १९८१ च्या ‘डिसिप्लिन’मध्ये टोनी लेव्हिन यांचं चॅपमन स्टिक ऐकू येतं. एमेट चॅपमन यांनी तयार केलेलं हे वाद्य छेडत नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर ठोकून वाजवतात. जुन्या नोंदीत ते ‘बेस’ म्हणून गेलं होतं, ते दुरुस्त केलं.

या सगळ्या तपासणीनंतर आमच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवून घेतला: ‘कशावरून’. त्यात तीन पर्याय आहेत. छापील कव्हरवरून, वादकाच्या सांगण्यावरून, ऐकून. एकापेक्षा जास्त लिहिता येतात. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सुरुवातीला हे वेळेचा अपव्यय वाटलं. रॉक ऐकणारा माणूस तरफांची नोंद शोधत येणार नाही, असं त्यांचं मत होतं. नंतर वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर काम करणारी एक विद्यार्थिनी आली. भारताबाहेर जवारीसारखा झणकार कुठे कुठे वापरला गेला ते तिला ऐकायचं होतं. तिने आमच्या यादीत ‘घोडी’ हा शब्द टाकला आणि ‘क्लोज टू द एज’ तिच्यासमोर आली. सहकाऱ्यांनी त्या दिवसापासून स्वतः तो रकाना भरायला सुरुवात केली. माझं मत स्पष्ट आहे: वाद्याचं नाव चुकीचं असणं एक वेळ चालेल, कारण कशावरून लिहिलं ते समोर असेल तर कोणीतरी दुरुस्त करील. आधार न लिहिलेलं बरोबर नावसुद्धा पुढच्या माणसाच्या उपयोगाचं नसतं.

एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या कपाटात जुन्या तबकड्या असतील, कोणत्याही संगीताच्या, तर त्या रद्दीत किंवा भंगारात देण्याआधी आतलं पाकीट आणि सोबतचा कागद काढून टाकू नका. बहुतेक तबकड्या आमच्याकडे नुसत्या, कोऱ्या पांढऱ्या पाकिटांत येतात आणि वाद्यांची नावं तिथेच कायमची हरवतात. कागदावर कोणी पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर ते पुसू नका. तबकडी, कव्हर आणि कागद तिन्ही एकत्र ठेवा, आणि द्यायचीच असेल तर जवळच्या ग्रंथालयाला किंवा ध्वनिसंग्रहालयाला तशीच द्या.